जमीन, मास्तर आणि रान: कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या हुकुमांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजोबांच्या ट्रंकेत मोडीतला कागद सापडतो. सातबाऱ्याच्या इतर हक्कात 'राखीव वन' असा शेरा दिसतो. वाटणीच्या वेळी कुणीतरी म्हणतं, "ही जमीन मुळात वतनाची." मग माणसं कागद घेऊन येतात. गेली काही वर्षं मी असे कागद लोकांबरोबर बसून वाचतो आहे. करवीर, पन्हाळा, शाहूवाडी, भुदरगड, राधानगरी अशा सगळीकडून येणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवतो.

कोल्हापुरात इंग्रजांचं राज्य होतं का?

सरळ उत्तर नाही असं आहे. कोल्हापूर हे छत्रपतींचं संस्थान होतं आणि १ मार्च १९४९ ला ते मुंबई राज्यात विलीन झालं. पण इंग्रजांचा हात इथे नव्हता असं म्हणणंही खोटं ठरेल. १८४४ च्या गडकऱ्यांच्या, म्हणजे किल्ल्यांच्या पिढीजात राखणदारांच्या, बंडानंतर इंग्रजांचा पोलिटिकल अधिकारी इथे कायमचा बसला आणि कारभाराच्या नाड्या बराच काळ त्याच्याकडे राहिल्या. राजा अल्पवयीन असला की कारभार कौन्सिलकडे जायचा, आणि कौन्सिलवर इंग्रजांची नजर असायची. २ एप्रिल १८९४ ला शाहू महाराजांनी राज्यकारभाराची सूत्रं हाती घेतली, त्याआधीच्या कित्येक वर्षांचे हुकूम याच व्यवस्थेतून निघाले आहेत.

म्हणून एखादा कागद हातात आला की "हा इंग्रजांचा कायदा" किंवा "हा महाराजांचा हुकूम" असं लगेच ठरवू नका. आधी साल बघा. साल कळलं की त्या वेळी गादीवर कोण होतं आणि सही करणारं कोण होतं ते कळतं. अर्थ त्यानंतर लावायचा.

मग आमच्या गावाला कोणता कायदा लागू होता? सगळा जिल्हा एकच ना?

इथेच सगळ्यात जास्त गफलत होते. आजचा जिल्हा एक आहे, तेव्हाचा नव्हता.

खुद्द संस्थानच्या ताब्यातली गावं पेट्यांत, म्हणजे तालुक्यासारख्या विभागांत, वाटलेली होती. आज आपण ज्याला हातकणंगले तालुका म्हणतो त्या भागाला जुन्या कागदात बहुतेक 'अळते पेटा' म्हटलेलं सापडेल. रायबाग आणि कटकोळ हे पेटे आज कर्नाटकात आहेत. याशिवाय संस्थानच्या हाताखाली नऊ जहागिरी होत्या. विशाळगड, बावडा, दोन कागल, इचलकरंजी, कापशी, तोरगल, हिंमतबहादूर आणि सरलष्कर. आजऱ्याचा माणूस करवीर दरबाराचे कागद धुंडाळत बसतो, पण आजरा इचलकरंजी जहागिरीत होता. गगनबावड्याचं बावडा जहागिरीत आणि शाहूवाडीच्या बऱ्याच गावांचं विशाळगड जहागिरीत शोधावं लागतं. शिरोळ तालुक्यातलं कुरुंदवाड तर वेगळंच संस्थान होतं.

चंदगडची गोष्ट आणखी निराळी आहे. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे सरळ इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होतं. तिथे १८७८ चा आणि १९२७ चा जंगल कायदा, १८७९ चा लँड रेव्हेन्यू कोड थेट लागू होता. शेजारच्या संस्थानी गावात मात्र इलाख्याचा कायदा आपोआप येत नसे. दरबार आपला हुकूम किंवा जाहीरनामा काढायचा. तो पुष्कळदा इलाख्याच्या कायद्यावर बेतलेला असायचा, तरी सही दरबारची. दोन गावांत एकच डोंगर, एकच पाऊस, आणि कागद दोन सरकारांचे. वारणेच्या पलीकडे बिळाशीला १९३० मध्ये लोकांनी इंग्रजांच्या जंगल कायद्याविरुद्ध सत्याग्रह केला. अलीकडच्या काठावरचं रान वेगळ्या धन्याचं होतं.

'राखीव' जमीन म्हणजे नेमकी कोणासाठी राखलेली?

शब्द एक आणि अर्थ तीन-चार, त्यामुळे घोळ होतो. इलाख्यातल्या १८७९ च्या कोडात कलम ३८ होतं. गावच्या गुरांना फुकट चराई, जंगल किंवा दुसरं एखादं सार्वजनिक काम यांसाठी सरकारी पड जमीन बाजूला काढून ठेवण्याची सोय त्यात होती. आजच्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतलं, म्हणजे १९६६ च्या कायद्यातलं कलम २२ हे त्याचंच पुढचं रूप. गायरान जन्मलं ते इथून. गायरान गावाच्या गुरांसाठी असतं, मालकी सरकारची.

कुरण वेगळं. कुरणातलं गवत राखून कापायचं असतं, आणि संस्थानी काळात पागेच्या घोड्यांची, सरकारी जनावरांची गरज त्यावर भागायची. तिथे गावच्या गुरांना मुभा असेलच असं नव्हतं. मुलकी पड म्हणजे कुणीच खातेदार नसलेली सरकारी जमीन. आणि राखीव जंगल हे चौथं, त्याचा धनी वनखातं.

तलाठ्याकडच्या गाव नमुन्यांत हे सगळं आजही वेगवेगळं लिहिलेलं असतं. नमुना १-अ मध्ये वनजमिनी, १-क मध्ये भोगवटादार वर्ग २ च्या, म्हणजे विक्रीवर सरकारी बंधन असलेल्या जमिनी, १-इ मध्ये अतिक्रमणं, आणि नमुना ३ मध्ये दुमाला म्हणजे इनामाच्या जमिनी. नुसता सातबारा काढून परत जाऊ नका, हे नमुनेही मागा. आपली जमीन कोणत्या वहीत बसली आहे हे बघितल्याशिवाय "राखीव" या शब्दाचा अर्थ लागत नाही.

गायरानावर आमची तीन पिढ्यांची घरं आहेत. ती नावावर होतील का?

वहिवाट जुनी आहे एवढ्यावर नाही. जगपाल सिंग प्रकरणात २८ जानेवारी २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचा आदेश दिला आणि त्यानंतर राज्य सरकारनं १२ जुलै २०११ ला गायरानाबद्दल कडक निर्णय काढला. अपवाद आहेत, पण प्रत्येक प्रकरण वेगळं तपासावं लागतं. घर बांधलेली जागा गावठाणवाढीत कधी घेतली होती का, संस्थानी काळात ती कुणाला दिल्याचा हुकूम आहे का, हे आधी शोधा.

आमची जमीन महार वतनाची होती. १९१८ मध्ये महाराजांनी ती आमच्या नावावर केली असं वडील सांगायचे. खरं का?

वडील खरं सांगायचे. इलाख्यात १८७४ चा वतन कायदा होता. त्यानं वतनदाराची जमीन आणि त्याची सेवा एकमेकांना बांधून टाकली. महार वतनात याचा अर्थ असा की जमिनीचा एक लहानसा तुकडा सगळ्या भावकीत मिळून, आणि त्याच्या बदल्यात रात्रंदिवस सरकारी आणि गावकीची राबणूक. सांगावे पोचवा, मेलेली गुरं ओढा, साहेब आला की ओझी वाहा. जमीन सोडायची म्हटली तर पोट जायचं आणि धरून ठेवली तर मान जायचा.

शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात ही वतनं मोडली आणि जमिनी रयतावा केल्या. रयतावा म्हणजे इतर कुळवाड्यांसारखी सारा भरून धरलेली जमीन, सेवेची अट नाही. त्याच वर्षी कुलकर्णी वतनंही गेली आणि त्या जागी पगारी तलाठी आले. तलाठ्यांत महाराजांनी अस्पृश्य समाजातली मुलंही नेमली. पिढ्यान्पिढ्या ज्यांना चावडीच्या पायरीखाली उभं केलं, त्यांच्या हातात चावडीचं दप्तर दिलं. १९२० मध्ये वेठबिगारीही बंद केली. माझ्या मते १९०२ च्या नोकऱ्यांतल्या राखीव जागांच्या हुकुमाइतकंच या हुकुमांचं मोल आहे, आणि त्यांच्याविषयी बोललं जातं ते त्या मानानं फार कमी.

इलाख्यात हेच काम किती रखडलं ते पाहिलं की फरक कळतो. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात वतन कायदा बदलायचं विधेयक आणलं, पण कायद्यानं कनिष्ठ गाववतनं संपायला १९५८ साल उजाडलं.

आता तुमच्या कामाचं. १९५८ च्या कायद्याखाली फेरदिलेल्या वतन जमिनी विकायला पूर्वपरवानगी आणि नजराणा, म्हणजे सरकारला भरायची रक्कम, लागते. तुमच्या जमिनीवर तसा वर्ग २ चा शेरा असेल आणि गाव खुद्द संस्थानच्या ताब्यातलं असेल, तर १९१८ नंतरचे जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, काढा. जमीन रयतावा झाल्याची नोंद मिळाली तर शेऱ्याबद्दल तहसीलदारांकडे दाद मागण्याला आधार मिळतो. गाव जहागिरीतलं असेल तर तिथे काय झालं ते स्वतंत्र बघावं लागेल. विलीनीकरणानंतर जहागिरी आणि किरकोळ इनामं रद्द करायला १९५३ आणि १९५५ मध्ये विलीन प्रदेशांसाठी वेगळे कायदे झाले, त्यांचेही शेरे फेरफारात येतात. आणि वकिलाकडे जाताना मूळ कागद देऊ नका, नक्कल द्या.

गडकऱ्यांचं बंड आणि जमिनीचा काय संबंध?

सगळा संबंध जमिनीचाच आहे. सामानगड, भुदरगड, पन्हाळा अशा किल्ल्यांवर पिढीजात राखणदार असायचे, ते गडकरी. किल्ल्याच्या पायथ्याच्या जमिनी त्यांना राखणीपोटी मिळालेल्या होत्या. इंग्रजांच्या मर्जीनं आलेला कारभारी दाजी कृष्ण पंडित यानं त्या जमिनींचा कारभार मामलेदारांच्या हाती दिला. गडकऱ्यांच्या लेखी तो नुसता हिशेबाचा बदल नव्हता. गडाची राखण आणि पोटाची जमीन एकाच गाठीत बांधलेली होती, ती गाठ तोडली गेली. १८४४ मध्ये सामानगड पेटला, मग भुदरगड, मग पन्हाळा. ऑक्टोबरात सामानगड पडला आणि १ डिसेंबरला पन्हाळा. त्यानंतर किल्ल्यांची तटबंदी आणि दरवाजे पाडले गेले. पन्हाळ्याचा चार दरवाजा आज दिसत नाही तो याच कारणानं.

गडाभोवतालचं रानही गडकऱ्यांच्या राखणीत असायचं. राखणदार उठवल्यावर रानाचा वाली कोण, हा प्रश्न पुढच्या जंगल खात्याच्या वेळी पुन्हा येतो.

जंगल राखायची पद्धत इंग्रजांनीच आणली ना?

खातं त्यांनी आणलं. राखण जुनी आहे. आपल्याच बावड्याच्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याबद्दल लिहिलेलं आहे. सागवानासारखी झाडं लागतील ती परवानगीनं तोडावीत. आंबा-फणसाचं लाकूडही कामाचं, पण त्यांना हात लावू नये, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन तोडावं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा हा विचार आहे, आणि त्यात झाडाबरोबर झाड लावणाऱ्याचं दुःखही मोजलेलं आहे.

दुसरी राखण देवराईची. शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजऱ्याकडच्या डोंगरांत देवाच्या नावानं सोडलेली राई तुम्हाला दिसेल. तिथलं वाळलेलं लाकूडसुद्धा घरी नेत नाहीत. पाण्याचा झरा बहुतेक वेळा त्याच राईत असतो, आणि गावाला ते ठाऊक होतं.

इंग्रजी कायद्यानं वेगळी गोष्ट केली. त्यानं रान हे आधी सरकारची मालमत्ता ठरवलं आणि मग गावाला त्यात काय करता येईल ते सांगितलं. पहिला कायदा १८६५ चा, दुसरा १८७८ चा, तिसरा १९२७ चा. तिसरा आजही चालू आहे.

'राखीव वन' आणि 'संरक्षित वन' यांत फरक काय?

राखीव वनात परवानगी दिलेली नसेल तर सगळं बंद. संरक्षित वनात बंदी घातलेली नसेल तर चालू. म्हणून तुमच्या गट नंबरापुढे यातला कोणता शब्द आहे याला फार महत्त्व.

रान राखीव कसं व्हायचं तेही समजून घ्या. सरकार आधी जाहीर करायचं की अमुक चतुःसीमेतलं रान राखीव करायचं आहे. मग जंगल सेटलमेंट अधिकारी गावात जाहीरनामा लावायचा, की या रानात कुणाचा हक्क असेल त्यानं मुदतीत सांगावं, लेखी दावा द्यावा किंवा समक्ष हजर व्हावं. मुदत किमान तीन महिन्यांची. मुदतीत जो बोलला नाही त्याचा हक्क बुडाला.

आता त्या चावडीवर उभं राहून पाहा. जाहीरनामा चिकटवलेला आहे. धनगरवाडा डोंगरावर, चावडी खाली दोन-तीन कोसांवर. वाड्यात एकालाही अक्षर येत नाही. वाचून दाखवणारा कुलकर्णी, आणि त्यानं दाखवलं तर दाखवलं. पावसाळ्याचे महिने मधे आले तर वाटही बंद. अशा रीतीनं कुणावर काठी न उगारता कित्येकांच्या चराईचा आणि जळणाचा हक्क नुसत्या न बोलण्यानं संपला. जमीन, शाळा आणि रान हे तीन विषय मी एकाच पानावर का घेतो असं बरेच जण विचारतात. उत्तर या चावडीवर आहे. गावात वाचणारा माणूस नसेल तर हक्क देणारा हुकूम आणि हक्क काढणारा हुकूम, दोन्ही गावाला सारखेच मुके असतात.

राब भाजायला बंदी का होती?

नाचणीचं किंवा भाताचं रोप टाकायच्या तुकड्यावर झाडाच्या फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून भाजतात, तो राब. तण जळतं, राख खताला येते. कुमरी त्याहून मोठी, डोंगरउताराचा तुकडा साफ करून जाळायचा, दोन-तीन वर्षं पिकवायचा आणि मग सोडून द्यायचा. जंगल खात्याला दोन्हींत फक्त जळालेलं झाड दिसलं. फांद्या तोडायला बंदी आली की राब गेला, राब गेला की रोप पिवळं पडायचं. आगीनं रानाचं नुकसान होतच नव्हतं असं मी म्हणणार नाही. कुमरीची फेरी लहान झाली की डोंगर उघडा पडतोच. पण ती फेरी लहान का झाली, तर बाकीचं रान आधीच हद्दीच्या दगडांत गेलं होतं, हे त्या वेळच्या साहेबांनी फारसं मनावर घेतलं नाही.

दाजीपूरचं जंगल महाराजांच्या शिकारीमुळे टिकलं, हे बरोबर आहे का?

बऱ्याच अंशी बरोबर. करवीरच्या छत्रपतींचं ते राखलेलं शिकारीचं रान होतं आणि त्यामुळे तिथे कुऱ्हाड पोचली नाही. १९५८ मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य झालं, राज्यातलं सगळ्यात जुनं. १९८५ मध्ये हद्द वाढून राधानगरी अभयारण्य ३५१.१६ चौरस किलोमीटरचं झालं. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या जागतिक वारशाच्या ठिकाणांत त्याचा समावेश झाला.

त्याच खोऱ्यात भोगावतीवर महाराजांनी धरणाचं काम काढलं. रान राखलं म्हणून पाणी राहिलं आणि पाणी राहिलं म्हणून आज खाली ऊस उभा आहे. शाहू महाराजांवर माझी श्रद्धा आहे, तरी एक गोष्ट सांगितली पाहिजे. शिकारीचं राखलेलं रान हेही सामान्य माणसाला बंद असलेलंच रान होतं. तिथल्या वाड्यावस्त्यांनी त्याची किंमत चुकती केली आहे, अभयारण्य झाल्यावर पुन्हा केली, आणि गवा शेतात उतरतो तेव्हा अजून करत आहेत.

पूर्वी मास्तर कसे तयार व्हायचे?

गावठी शाळेचा पंतोजी कुठल्याही परीक्षेतून आलेला नसायचा. धुळपाटीवर अक्षर, तोंडपाठ पाढे, मोडीत पत्र लिहिता आलं की शिक्षण झालं. १८५४ च्या वुडच्या खलित्यानं, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक धोरणपत्रानं, शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल शाळा काढायला सांगितलं, आणि मग हळूहळू खात्याची शिडी उभी राहिली. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवीची परीक्षा, पास व्हायचं, त्यानंतर ट्रेनिंग कॉलेजात एक, दोन किंवा तीन वर्षं काढायची. जितकी वर्षं, तितका पगार जास्त. जुन्या सर्व्हिस बुकात 'तिसरे वर्ष ट्रेंड' किंवा 'अनट्रेंड' असं लिहिलेलं दिसतं ते हेच. तपासणीला येणारा डेप्युटी इन्स्पेक्टर म्हणजे खेड्यातला 'दिपोटी', त्याच्या नावानं मास्तर आणि पोरं दोघंही घाबरायची.

यातली उणीव महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे नेमकी मांडली. प्राथमिक शाळेचा मास्तर ट्रेनिंग झालेला असावा, शक्यतो शेतकरी समाजातला असावा, गरज पडली तर नांगर किंवा सुताराचा वाकस धरायला त्याला लाज वाटू नये, आणि त्याला पोटापुरता पगार मिळावा. खात्याला ट्रेंड मास्तर हवा होता. फुल्यांना गावात मिसळणारा ट्रेंड मास्तर हवा होता.

कोल्हापुरात ट्रेनिंगची कल्पना शाळेबाहेरही गेली. गावचा पाटील जन्मानं पाटील असतो, पण त्याला कायदा, मोजणी, हिशेब यायला नको का? त्यासाठी १९११ च्या दिल्ली दरबाराची आठवण म्हणून इथे पाटील शाळा निघाली. कुलकर्णी गेल्यावर तलाठी तयार करायचे झाले तेव्हा त्यांनाही शिकवावं लागलं. साखळी कशी धरायची हेसुद्धा शिकवावं लागतं. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, एक साखळी लांब आणि एक रुंद म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. हे ज्याला येतं त्याला बांधावर कुणी फसवू शकत नाही.

बायका मास्तरीण व्हायच्या का?

हो, आणि कोल्हापूर त्यात मागे नव्हतं. सावित्रीबाईंनी अहमदनगर आणि पुण्यात अध्यापनाचं शिक्षण घेतलं ती सुरुवात सगळ्यांना माहीत आहे. कोल्हापुरात स्त्रियांसाठी फीमेल ट्रेनिंग स्कूल होतं. तिथे मिस लिटल या इंग्रज बाई प्रमुख होत्या आणि त्यांच्यानंतर शाहू महाराजांनी रखमाबाई केळवकरांना ती जागा दिली. एका मराठी बाईकडे खात्याचा असा अधिकार त्या काळी सोपवणं ही साधी गोष्ट नव्हती. डॉ. कृष्णाबाई केळवकर या त्यांच्याच लेक.

सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम कधीचा? दंड खरंच घ्यायचे का?

१९१७ चा हुकूम. पहिली शाळा ४ मार्च १९१८ ला करवीर तालुक्यातल्या चिखलीत. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. १९११ मध्ये गोखल्यांनी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मोफत सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणलं होतं आणि ते सरकारनं पडू दिलं. मुंबई इलाख्यात १९१८ चा पटेल कायदा झाला, तोही फक्त नगरपालिकांपुरता आणि त्यांची मर्जी असेल तर. आपल्या आधी बडोद्यानं हे केलं होतं, १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात. १९१९ मध्ये महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी मुलं एका शाळेत बसवायचा हुकूम काढला.

वनहक्काच्या दाव्यात आमच्याकडे ७५ वर्षांचा पुरावा मागतात. तो आणायचा कुठून?

या प्रश्नासाठीच हे पान लिहायला घेतलं.

२००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासी सोडून इतर पारंपरिक वननिवासींना दाखवावं लागतं की १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, ते त्या वनात राहत आहेत आणि त्यावर अवलंबून आहेत. आपल्या डोंगरातले धनगर अनुसूचित जमातीत नाहीत, त्यामुळे त्यांना ही अट लागते. वजाबाकी करा. तारीख येते १३ डिसेंबर १९३०. त्या दिवशी कोल्हापूर संस्थान होतं आणि गादीवर राजाराम महाराज होते. म्हणजे चंदगड सोडलं तर इथल्या दाव्यांचा जुना सरकारी कागद हा मुंबई सरकारचा असणारच नाही, तो दरबारचा किंवा जहागिरीचा असणार. भारत सरकारचा किंवा मुंबई सरकारचा जुना कागद आणा असं कुणी म्हणालं, तर त्यांना हा इतिहास शांतपणे समजावून सांगा.

कायदा स्वतःच हे ओळखतो. कलम ३(१)(ख) मध्ये निस्तार हक्कांबद्दल, म्हणजे रोजच्या गरजांसाठी रान वापरण्याच्या हक्कांबद्दल, बोलताना पूर्वीच्या संस्थानांत चालत आलेल्या हक्कांचा स्पष्ट उल्लेख आहे. संस्थानी काळातली चराईची पावती, जळणाची परवानगी, हिरडा गोळा करायचा मक्ता, गवताच्या लिलावातलं नाव, शिकारखान्याच्या कामावरची हजेरी, शाळेच्या दाखल्यातला वाड्याचा पत्ता, यांतलं काहीही हाती लागलं तर जपून ठेवा. १९१८ नंतर शाळा वाढल्या, त्यामुळे एखाद्या वाडीतल्या मुलाचं नाव जुन्या जनरल रजिस्टरात सापडू शकतं. ज्या वाडीला जंगल खात्यानं कधी कागद दिला नाही तिला तिच्या मास्तरानं दिलेला असू शकतो.

दावा आधी ग्रामसभेकडे, वनहक्क समितीमार्फत. वैयक्तिक दाव्याला चार हेक्टरची मर्यादा आहे, आणि जमीन १३ डिसेंबर २००५ ला प्रत्यक्ष ताब्यात असायला हवी. सामूहिक हक्काचा दावा वेगळा करता येतो आणि तो जरूर करा. चराई आणि पाणवठा एकट्याचा नसतोच.

जुने कागद कुठे बघायला मिळतात आणि मोडी कुणाकडून वाचून घ्यायची?

राज्य पुराभिलेख संचालनालयाचं कोल्हापूरला पुराभिलेखागार आहे, दरबारचं दप्तर तिथे. करवीर सरकारचं गॅझेट हाही मोठा आधार, हुकूम त्यात छापून यायचे. मोजणीचे नकाशे, आकारबंद, कडईपत्रक भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयात. जुने फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात.

मोडीची परीक्षा पुराभिलेख विभाग घेतो, त्यामुळे प्रमाणित वाचक मिळतात. लिप्यंतर करून घेताना त्यावर त्यांची सही आणि तारीख घ्या.

सालाची एक किल्ली लक्षात ठेवा. कागदावर फसली, म्हणजे महसुली सन असेल तर त्यात ५९० मिळवा, इसवी सन येतं. फसली १३२८ म्हणजे १९१८-१९. सुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६०० मिळवा. महसुली वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, त्यामुळे एका वर्षाचा फरक पडला तर कागद खोटा आहे असं समजू नका.

आणि कागद सापडलाच नाही तर?

तरीही दावा थांबत नाही. वनहक्काच्या नियमांत दावेदाराशिवाय दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसांचा लेखी जबाब पुरावा धरला जातो. जुन्या विहिरी, दफनाच्या जागा, देवाची ठाणी हाही पुरावा आहे. डोंगरावरचा पडका गोठा, दगडी दावण, बिरोबाचं ठाणं, म्हाताऱ्यानं लावलेला फणस, या सगळ्यांचे फोटो काढा आणि पंचनाम्यात जागेसह लिहून घ्या. वाड्यातल्या सगळ्यात वयस्कर आजीचा जबाब आधी घ्या, या पावसाळ्याच्या आत. तिला सही येत नसेल तर अंगठा चालतो. पण जबाब तिच्याच शब्दांत लिहा आणि लिहून झाल्यावर तिला पूर्ण वाचून दाखवा.